कागदाच्या आठ मुली

१

दुपारी दोन ते चार हा वेळ माझा असायचा. मिनूचे पप्पा पहिल्या पाळीला वाळूजच्या कंपनीत गेलेले, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीत पदर तोंडावर घेऊन आडव्या झालेल्या, आणि मिनू माझ्या मांडीवर डोकं घासत घासत झोपलेली. ती झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरायचे. बोटाला श्वास लागला की मगच उठायचे. एकदा ह्यांनी ते पाहिलं, तर म्हणाले, तू पोरगी झोपवतीस का हजेरी घेतीस.

हसायचं तर हसा. पण मिनूला दोनदा झटके आले होते. ताप चढला की डोळे फिरवून लाकडासारखी ताठ व्हायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाच-सहा वर्षांची झाली की हे आपोआप थांबतं, घाबरू नका. मी त्यांचं सगळं ऐकलं, औषध वेळेवर दिलं. तेवढं न घाबरायचं मात्र मला जमलं नाही.

मन कशात तरी गुंतावं म्हणून मी द्वारकाबाईंकडं जायला लागले. आमच्या हर्सूलच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. शाळेत चित्रकला शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या, आणि मंगळवारी-शुक्रवारी सकाळी गल्लीतल्या चार-पाच जणींना कागदाची कार्डं करायला शिकवायच्या. जाताना आम्ही फक्त घरातल्या जुन्या लग्नपत्रिका न्यायच्या. तसला जाड, गुळगुळीत कागद आणखी कुठं असतो?

मी सातवीपर्यंत शिकलेली. शाळेत मला सगळ्यात जास्त आवडायचा तो कार्यानुभवाचा तास. पुढची शाळा लांब होती म्हणून शिक्षण सुटलं, आणि तो तासही सुटला. बाईंकडं पहिल्याच दिवशी कात्री हातात घेतली तेव्हा मला वाटलं, आपण परत शाळेत आलो. बाईंनी आधी पत्रिकेवरचा गणपती अलगद कापून एका डब्यात ठेवायला लावला. असले सगळे गणपती भाद्रपदात विसर्जनाला जायचे. मग घडी शिकवली. घडीवरून चमच्याची पाठ फिरवायची, नख नाही. आणि कापताना कात्री हलवायची नाही, कागद फिरवायचा.

घरी मी सराव करत बसले की आत्याबाई पदराआडून विचारायच्या, "आज कोणाचा संसार कापायलीस गं?" मी पत्रिकेवरचं नाव वाचून सांगायचे. व्यंकटरावांच्या पोरीची पत्रिका निघाली तेव्हा म्हणाल्या, "काप, काप. त्या लग्नात मला कोणी जेव म्हणलं नाय."

अशा त्या दुपारी होत्या. चांगल्या होत्या.

२

मिनूला पाचवं संपत आलं होतं. वाढदिवसाला दीड महिना होता. तिच्यासाठी मला असं कार्ड करायचं होतं की उघडलं की आत हातात हात धरलेल्या मुलींची रांग उभी राहील. बाईंनी ते शिकवलं होतं. लांब पट्टीच्या पंख्यासारख्या घड्या घालायच्या, वरच्या घडीवर एक मुलगी काढायची, तिचे दोन्ही हात घडीच्या दोन्ही कडांना टेकवायचे, आणि सगळे थर एकदम कापायचे. एकीच्या जागी आठ निघतात. सगळ्या सारख्या.

पत्रिकेचा कागद त्याला चालेना, आठ घड्यांत मोडायचा. वहीचा कागद उभाच राहीना. तेव्हा मला पत्र्याच्या डब्यातला कागद आठवला.

त्या डब्यात मिनूची कुंची होती, दृष्टमणी होते, आणि तिच्या सटीचा कागद होता. आमच्यात मूल जन्मलं की सहाव्या दिवशी त्याच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येऊन लेकराच्या नशिबी काय आहे ते लिहून जाते. सकाळी बघावं तर कागद कोराच असतो. सगळ्यांचा कोराच असतो. माझ्या मायनं मिनूचा कागद घडी करून माझ्याकडं दिला होता आणि जपून ठेव म्हणाली होती. माझ्या भावानं खुलताबादच्या उरुसाहून आणलेला, कागजीपुऱ्याचा, हातानं बनवलेला कागद. हातभर लांब, साईच्या रंगाचा, जाड पण मऊ.

चुकून झालं असं मी म्हणणार नाही. तो कशाचा कागद आहे ते मला माहीत होतं. मला एवढंच वाटलं की कागद तिचा, वाढदिवस तिचा, मग तिच्या कार्डाला याच्याहून चांगला कागद कोणता? असा कोरा पडून राहण्यापेक्षा तिच्या हातात येईल.

मी आठ घड्या घातल्या. चमचा फिरवला. वर मिनूच काढली, फ्रॉक, दोन वेण्या, पसरलेले हात. कात्री धरली आणि कागद फिरवत गेले. कागद लोण्यासारखा कापला गेला. मग मी रांग उघडली.

आठ निघाल्या. पण सारख्या नव्हत्या.

३

पहिली सगळ्यात बुटकी होती आणि तिचं डोकं अंगाच्या मानानं मोठं होतं. दुसरीला वेण्याच नव्हत्या, नुसता गोल गोटा. चौथीचा डावा हात उजव्यापेक्षा जाड होता. आणि पहिलीपासून आठवीपर्यंत प्रत्येक मुलगी मागचीपेक्षा एवढी एवढी उंच होत गेली होती.

मला हसू आलं. म्हटलं, शिकाऊ हात, दुसरं काय. शुक्रवारी मी ती रांग बाईंना दाखवली. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि सांगितलं की हातकागद जाड असतो, कापताना आतले थर सरकतात, त्यामुळं थोडा फरक पडतोच. एखाद्या थरात वेणीही तुटू शकते. मला ते पटलं. फक्त बाईंनी रांग परत देताना दुसरीच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इथं कापल्याची कड किती गोल आलीय गं, मला सुद्धा जमली नसती."

कार्ड वाढदिवसापर्यंत लपवून ठेवायचं होतं, पण मिनूनं ते गादीखालून काढलं. मी भाकरी करत होते. ती ओट्याजवळ फरशीवर ती रांग मांडून बसली आणि आपली आपण बोलायला लागली. मला वाटलं मुलींना नावं ठेवतीय. नंतर ऐकलं तर एकेकीवर बोट ठेवून सांगत होती, "ही मी. ही मी टकली. ही मी. ही मी, हात मोडला तवा."

माझी भाकरी तव्यावर करपली.

मिनूचं जावळ तिला दुसरं लागलं तेव्हा काढलं होतं. ती ओट्यावरून पडली, डावा हात मोडला आणि दीड महिना प्लास्टर होतं, ते चौथ्या वर्षात. तिचा टकलीचा फोटो भिंतीवर लावलेला आहे, प्लास्टरचा तुकडा तिनं स्वतः खेळायला ठेवलेला आहे. लेकरू आहे, जे दिसलं त्याला जोडलं. मी तवा उतरवला आणि स्वतःला हेच सांगितलं. पण हात धुऊन तिच्या शेजारी बसले, आणि विचारायचं नव्हतं ते विचारलं. पाचवी कोण?

"मीच की," मिनू म्हणाली. "आताची."

पाचवीला एकच वेणी होती.

मी मिनूकडं पाहिलं. तिच्या दोन्ही वेण्या जागच्या जागी होत्या, लाल रिबिनीत, सकाळी मीच घातलेल्या. जिवात जीव आला. मी तिला पोटाशी घेऊन तिच्या दोन्ही वेण्यांचे मुके घेतले, तर ती वैतागून म्हणाली, गुदगुल्या होतात.

४

बारा दिवसांनी शेजारच्या सरूबाईंच्या नातवंडांबरोबर खेळताना मिनूच्या केसांत च्युइंगम अडकलं. मी दळण आणायला गेले होते. परत आले तर आत्याबाई ओसरीत मिनूला दोन पायांत धरून बसलेल्या, हातात माझी कागदाची कात्री, आणि खाली फरशीवर लाल रिबिनीसकट एक वेणी पडलेली.

"तेल लावलं, रॉकेल लावलं, निघंना," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनाच अपराध्यासारखं झालं होतं. "येतील की केस. बाईच्या जातीला केसांचा दुष्काळ पडतो का?"

मी खाली पडलेली वेणी उचलून आत गेले. त्यांना वाटलं मी रागावले, म्हणून त्यांनी त्या दिवशी मला भांड्याला हात लावू दिला नाही, आणि संध्याकाळी माझ्यासाठी आपल्या हातानं धपाटे केले. मी धपाटे खाल्ले. चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मिनू झोपल्यावर मी रांग काढून फरशीवर उभी केली. पंख्यासारखी घडी असली की अशी रांग आपोआप उभी राहते. सहावी उभी राहिली, तिच्या पाठीवर दप्तरासारखा उंचवटा होता. सातवी उभी राहिली. आठवी राहिना. मी घडी दाबून नीट केली, परत चमचा फिरवला. सोडलं की आठवी हळूच मागं कलायची आणि आडवी व्हायची. सातवीच्या हातात हात तसाच, आणि ती आडवी.

शेवटचं टोक आहे, धरायला पुढं कोणी नाही, म्हणून पडतं. असं मी म्हटलं. पण मग पहिलीही टोकालाच होती. ती पडत नव्हती.

मिनू कधी उठली कळलं नाही. माझ्या पाठीवर लोंबकळत ती म्हणाली, "तिला नको उठवू मम्मी. ती झोपली."

मी आठपर्यंत मोजू शकते. मिनूला आठवं वर्ष लागायला अजून दोन वर्षं होती. त्याच्या पुढं माझं मन जाईना. नुसतं त्या आडव्या कागदापाशी येऊन थांबायचं.

५

रात्री ह्यांना सांगितलं. सगळं नाही, निम्मं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना पाहिलं आणि म्हणाले, कागद आहे तो अनसूया, पंख्याच्या वाऱ्यानं पडला असेल. सकाळी कामावर जाण्याआधी त्यांनी स्वतः रांग उभी करून पाहिली. पंखा बंद होता. आठवी पडली. ते डबा न घेताच निघून गेले आणि कोपऱ्यावरून परत आले.

आत्याबाईंना मी आडून विचारलं. म्हटलं, सटीचा कागद कोणी वापरला तर? त्या तांदूळ निवडत होत्या.

"कामून वापरील कोणी?"

कोराच तर असतो, मी म्हटलं.

"कोरा नसतो," त्या म्हणाल्या. "आपल्याला वाचता येत नाय."

त्या दिवसापासून मी रांग वाढवायच्या मागं लागले. बाईंकडं कागजीपुऱ्याच्या तसल्याच कागदाचा तुकडा मिळाला. त्यातून मी नऊ मुली कापल्या, सगळ्या सारख्या, सगळ्या दोन वेण्यांच्या, आणि पहिलीचा हात आठवीच्या हाताला डिंकानं चिकटवला. सकाळी बघते तर सुटलेला. मग फेविकॉलनं चिकटवला, वर वरवंटा ठेवला. सकाळी सुटलेला. मग सुई-दोऱ्यानं टाका घातला. सकाळी दोरा वेटोळं करून बाजूला पडलेला, आणि आठवीच्या हाताला सुईचं भोकसुद्धा नाही.

बाईंना एवढंच विचारलं की जोड का टिकत नाही. त्या म्हणाल्या, दोन कागद एकमेकांना धरायचे तर ते एकाच पोताचे लागतात, नाहीतर सुकताना एक ओढतो आणि दुसरा सोडतो. मी म्हटलं, बाई, कागद तोच आहे, त्याच गावचा. बाईंनी दोन्ही तुकडे गालाला लावून पाहिले. मिनूचा तुकडा त्यांनी जरा पटकन बाजूला घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा वापरलेला आहे."

६

आमच्या आतल्या खोलीला पश्चिमेला एक खिडकी आहे. साडेतीनच्या सुमाराला तिच्यातून ऊन येतं आणि समोरच्या भिंतीवर पडतं. जवळच्या हर्सूल जेलची घंटा ऐकू आली की मी समजायचे, आता अर्ध्या तासात आत्याबाई चहा मागणार.

त्या दिवशी मी रांग उन्हात उभी केली होती. सात मुलींच्या सात सावल्या भिंतीवर पडल्या, चांगल्या वीत-वीतभर. आठवी आडवी, तिची सावली नाही. तिथं रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेच्या पलीकडं आणखी एक सावली होती.

ती मोठी होती. बसलेली होती. एक गुडघा उभा, मान खाली, डोक्यावर पदर घेतल्यासारखी गोलाई. मला वाटलं आत्याबाई ओसरीत उठून बसल्या, त्यांची पडली. मी दारातून पाहिलं. आत्याबाई कुशीवर झोपल्या होत्या. खिडकीतून पाहिलं. बाहेर शेजाऱ्यांची भिंत आणि तारेवर एक टॉवेल. टॉवेल हलत होता. सावली हलत नव्हती.

नाही, थोडी हलत होती. गुडघ्यापाशी तिचा हात होता. तो डावीकडून उजवीकडं सरकायचा, थांबायचा, परत डावीकडं यायचा. पोस्टात बायका गुडघ्यावर कागद ठेवून फॉर्म भरतात तसा.

मी तिथंच बसून राहिले. खरं सांगते, मला भीती वाटायच्या आधी तिची दया आली. इतकी दमून, वाकून बसली होती ती, कोण जाणे कधीपासून. मग तिचा हात उजव्या बाजूला गेला आणि तिथंच थांबला. परत आला नाही. आणि खाली घातलेली मान हळूहळू वर यायला लागली, माझ्या बाजूला.

मी हात आडवा मारून सगळी रांग पाडली. भिंत रिकामी झाली. नुसतं ऊन.

गादीवर मिनू जागी होती. रडत नव्हती, घाबरली नव्हती. भिंतीकडं बघत होती.

"मम्मी," ती म्हणाली, "तिचा कागद संपला."

७

दुसऱ्या दिवशी मी मिनूला घेऊन माहेरी गेले. बिडकीनपर्यंत बस आणि पुढं जीप. डोक्यात एकच होतं. माझ्याही जन्माला सहावा दिवस आला असेल. माझ्याही उशाशी कोणीतरी कागद ठेवला असेल.

माय ओसरीत शेंगा फोडत बसली होती. आवडाबाई तिचं नाव, आणि गावात सगळ्यांना ती आवडायचीच. गेल्या वर्षापासून ती खंगत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. मिनूला पाहून तिनं सगळ्या शेंगा सोडल्या, तिची एक वेणी पाहून पोट धरून हसली, आणि तिला शेंगदाणे देऊन वासराकडं पिटाळलं. मग मी विचारलं. माय, माझ्या सटीचा कागद आहे का गं?

मायचे हात थांबले. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

"कितवी पडती?" तिनं विचारलं.

आठवी, म्हटलं.

"तुझी सहावी पडत व्हती," माय म्हणाली.

ती उठली आणि उतरंडीमागून एक फडकं घेऊन आली. मग थोडं थोडं सांगत गेली. महालक्ष्म्यांपुढं लावायला बाहुल्यांची रांग पाहिजे होती. घरात कोरा कागद तो एकच. तिला वाटलं, पोरीचाच आहे, देवीपुढंच तर लावायचा. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मी काय, माय काय. दोघींनी आपल्या लेकीचं कौतुक करायला तीच चूक केली होती.

तिनं फडकं सोडलं. आधी रेघी वहीच्या कागदाच्या सहा मुली होत्या, पिवळ्या पडलेल्या. सहावीच्या हाताला खळीनं चिकटवलेली सातवी मात्र जाड्याभरड्या खाकी कागदाची होती, आणि पुढच्या सगळ्या तसल्याच. माय हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या सालात जन्मलेली. गावात कोरा कागद मिळत नव्हता, म्हणून आजीनं तिच्या उशाशी किराण्याच्या पुड्याचा कागद सरळ करून ठेवला होता. हा तो कागद होता. मायचा.

माय एकेक घडी उलगडत गेली. एकीच्या पाठीला दप्तर. एकीच्या कपाळाला मुंडावळ्या. एकीचं पोट पुढं आलेलं. एकीच्या कडेवर लेकरू. तिथं आल्यावर मायनं पुढच्या सगळ्या घड्यांवर आपला तळहात ठेवला.

"पुढचं बघायचं नसतं," ती म्हणाली. "मागून काप. घडी न उघडता."

कुठं कापू?

"ते मायनं ठरवायचं. मी तुला सांगितलं का कधी, मी कुठं कापलं ते?"

मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या गळ्याची हाडं, तिच्या सैल बांगड्या. ती माझ्याहून फक्त चोवीस वर्षांनी मोठी होती. मला रडू फुटलं, तर ती चिडली. शेंगांचं सूप माझ्यापुढं ओढून म्हणाली, रडून कागद भिजव आता, म्हणजे दोघींचं वाटोळं होईल. मग माझे डोळे तिनं आपल्याच पदरानं पुसले, आणि लहानपणी पुसायची तसं नाकही पुसलं.

निघताना तिनं फडक्याच्या गाठीतून खाकी कागदाचा आणखी एक लहानसा तुकडा काढला. दोन बोटं रुंद असेल. हे बी घे, म्हणाली, राहिलंय एवढं. मी तिची मूठ बंद केली. तिनं परत उघडली. आम्ही दोघी जीप येईपर्यंत तेच करत राहिलो, पाहुण्याच्या हातात खाऊ कोंबावा तसं. शेवटी जीपवाला ओरडला आणि मी ती मूठ तिच्याच छातीशी दाबून पळत सुटले.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गव्हाच्या पिठाची खळ केली. मिनू झोपली नव्हती, आणि मी तिला झोपवलंही नाही. ती माझ्या मांडीला चिकटून बसली.

मायकडून आणलेली माझी घडी मी उघडली नाही. बोटांत धरून मागून मोजल्यासारखं केलं, पण मोजलं नाही. मग कात्री लावली. कात्री हलवली नाही, कागद फिरवला. निघालेला गठ्ठा मी मिनूच्या आठवीच्या हाताला लावला, वरून चमच्याची पाठ फिरवली आणि बोट दाबून बसून राहिले. खळ सुकताना खाकी कागद जरासा आखडला. मिनूचा कागद त्याच्याबरोबर आखडला.

मी बोट काढलं. आठवी उभी राहिली.

मिनूनं टाळ्या वाजवल्या. मग खाकी मुलींजवळ तोंड नेऊन निरखून पाहिलं.

"ह्या कोण?"

तूच, म्हटलं.

"मग अशा खरखरीत कामून?"

"आजीच्या कागदातल्या हाईत ना बाळा."

तिला ते पुरलं. तिनं आठवीच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान बहिणीच्या फिरवावा तसा.

खिडकीतून ऊन आलं. सावल्या भिंतीवर पडल्या, एकामागं एक, साधारण कपाटापर्यंत. कपाटाच्या पुढं भिंत दिसत नव्हती. तिकडं रांग किती लांब गेली होती, आणि तिच्या शेवटी कोण बसलं होतं, ते मला दिसलं नाही. फक्त कपाटामागून बारीक आवाज येत होता, जाड्याभरड्या कागदावरून टाक ओढत नेल्यासारखा. थांबत थांबत येत होता. घाई नव्हती त्याला. मी कपाट सरकवलं नाही.

आत्याबाईंनी ओसरीतून चहाचं विचारलं. मिनू "मी सांगते, मी सांगते" करत त्यांच्याकडं पळाली, आणि त्यांना उठवून नव्या मुलींची गोष्ट सांगायला लागली. आत्याबाई झोपेतच हूं हूं करत होत्या.

माझी उरलेली घडी फरशीवर पडली होती. ती मी उचलली आणि अंगठा आणि बोटात धरून पाहिली. जाड नव्हती. पण अगदीच पातळही नव्हती.